भट्टीचं पाणी आणि दारातल्या चपला

वर्धा जिल्ह्यात अणुभट्टी नाही, हे पीयूष गोतमारेला लोकांनी इतक्या वेळा सांगितलं होतं, की जणू त्यानेच ती कुठेतरी ठेवली आणि विसरला.

तो वर्धा-सेलू रस्त्यावरच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा आणि उरलेल्या वेळात पीएचडी करायचा. विषय होता ‘न्यूरल नेटवर्कच्या साहाय्याने अणुभट्टीच्या शीतक जलातील किरणोत्सारी प्रदूषणाचे पूर्वानुमान’. हे नाव एका दमात म्हणता येत नाही आणि त्याचे मार्गदर्शक धनंजय सर यांच्या मते हाच त्याचा मोठा गुण होता. सेलूला पीयूषची आई प्रमिलाबाई शेजारणींना थोडक्यात सांगायची, "पोरगं पान्यावर पीएचडी करून राह्यलं." पाणी म्हटलं की सेलूत प्रत्येकाला मत असतं. "मंग आमच्या बोरले पानी कुठं लागन, ते सांगते का वं त्याचं मशीन?" शेजारणी विचारायच्या. नाही म्हटलं की त्यांचा एकूण शिक्षणावरचाच विश्वास उडायचा.

विषय तसा समजायला सोपा होता. भट्टी तापते, म्हणून तिच्यातून पाणी खेळवतात. त्या पाण्यात नळांचा गंज उतरतो, आणि इंधनाच्या एखाद्या कांडीचं आवरण चिरलं, तर किरणोत्सारी आयोडीनही उतरतं. प्रयोगशाळेतला केमिस्ट अधूनमधून पाण्याचा नमुना काढून मोजतो. पण मोजून कळतं तेव्हा व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. पीयूषचं म्हणणं असं, की पाण्याचं तापमान, दाब, भट्टीची शक्ती, गाळणीतून जाणारा प्रवाह वगैरे आकडे एका न्यूरल नेटवर्कला, म्हणजे जुन्या उदाहरणांवरून शिकणाऱ्या गणिती जाळ्याला, खाऊ घालायचे. मग पुढच्या बारा तासांत पाणी मर्यादेबाहेर बिघडणार की नाही, हे ते आधीच सांगेल.

आकडे मिळवण्यातच त्याची दोन वर्षं गेली होती. त्याने जिथे जिथे पत्रं पाठवली, तिथून त्याच्या उत्साहाबद्दल आभार आले, आकडे आले नाहीत. शेवटी परदेशातल्या एका कधीच्या बंद पडलेल्या भट्टीची आकडेवारी संशोधकांसाठी खुली झाली आणि तो सुटला. भट्टी बंद का पडली, हे त्याने विचारलं नाही. आलेल्या स्थळात आपण खोट काढत नाही, तसं.

त्याच्या नेटवर्कने परीक्षेत शंभरातले अठ्ठ्याण्णव प्रसंग बरोबर ओळखले. धनंजय सर खूश झाले. "अठ्ठ्याण्णव! अरे, एवढे तर मला दहावीलाही नव्हते," असं म्हणून त्यांनी प्रबंध जमा करायला लावला. तपासनिसांचे अहवाल चांगले आले. आता उरली होती फक्त तोंडी परीक्षा, आणि ती मे महिन्याच्या अखेरीस ठरली होती.

घाईचं कारण वेगळं होतं. कॉलेजने नियम काढला होता की जूनपर्यंत ज्याची पीएचडी होईल, तो पर्मनंट. बाकीचे तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास फळ्यासमोर तितक्याच तासांचे पैसे. आजारपण आणि उन्हाळा ज्याचा त्याने बघायचा. पीयूषची बायको जया एका विनाअनुदानित शाळेत बारा वर्षं शिकवत होती. त्या शाळेला अनुदान येणार असल्याची बातमी जया नोकरीला लागली त्याच्याही आधीपासून ताजी होती. "दोघांपैकी एकानं तरी पर्मनंट असावं," जया म्हणायची. "नाही तर पोरांना वाटेल, नोकरी ही अशीच असते."

परीक्षेला पंधरवडा राहिला असताना सेलूहून वडिलांचा, बापूरावांचा फोन आला.

"आबाजीले चक्कर आलती. काही नाई. तू येऊ नको."

बापूराव जेव्हा येऊ नको म्हणतात, तेव्हा निघावं लागतं. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. पीयूष आणि जया बसने सेलूला गेले.

घराच्या बोळात शिरल्यावर पीयूषला आधी दिसल्या चपला. ओट्याखाली, पायरीवर, तुळशीजवळ, जागा मिळेल तिथे चपला. त्यात पोलिसासारखे काळे बूट होते आणि लग्नात घालतात तसल्या सोनेरी पट्ट्याच्या दोन जोड्याही होत्या. जयाने डोक्यावर पदर घेतला.

आत आबाजी, म्हणजे पीयूषचे आजोबा तानबा, खाटेवर बसून चहात बिस्किट बुडवत होते. खाटेभोवती वीसेक माणसं त्यांच्याकडे बघत होती. बिस्किट तुटून चहात पडलं, तर दोघी बायकांनी सुस्कारा सोडला.

"का झालं?" पीयूषने आईला स्वयंपाकघरात गाठून विचारलं. प्रमिलाबाई कपबशा विसळत होती आणि तिचं तोंड रडवेलं नव्हतं, चिडलेलं होतं.

"का होते? एकादशीचा उपास. उपाशीपोटी वांग्यात निंदाले गेलते. उन्हानं गरगरलं, बसले खाली. डाक्टरनं एक सलाइन लावली न् म्हने, दोन दिवस उन्हात जाऊ नका. झालं. तिसरं काही नाई."

"मग एवढे लोक काऊन?"

"ते तुह्या आत्याले विचार."

आत्या, म्हणजे गोपिकाबाई, कारंज्याला दिलेल्या होत्या. त्या शुक्रवारी लोणच्याच्या कैऱ्या न्यायला येणारच होत्या, ते आधीपासून ठरलेलं होतं. बसने येणार होत्या, पण मुलाला नागपूरला काम निघालं म्हणून त्याने गाडीने आणून सोडलं. वडिलांना सलाइन लावलेली, आणि त्याच दिवशी दारात कारंज्याची गाडी! गल्लीने हिशोब केला. लेकीला गाडी करून बोलावून घेतलं म्हणजे म्हाताऱ्याचं काही खरं नाही.

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जावं लागतं. न गेलं तर ते वर्षानुवर्षं लक्षात राहतं, आणि गेलं तर किती लवकर गेलं, हेही. आजार साधा असेल तर सवडीने गेलं तरी चालतं. भारी असेल तर हातातलं टाकून जायचं. पण आजार साधा की भारी हे कळणार कसं? डॉक्टर काहीही सांगतो. फी घेतल्यावर त्याला तसं सांगावंच लागतं. आजाऱ्याला विचारणं बरं दिसत नाही. म्हणून लोक दारातल्या चपला बघतात.

चहाचे कप घेऊन पीयूष बाहेर आला, तेव्हा शेजारच्या कृषी केंद्राचे मालक महादेवराव ओट्यावर बसले होते. त्यांनी त्याला बाजूला ओढलं.

"पीयूष, हिंमत ठेव बाबू. वय झालं त्यायचं. मी बापूरावले म्हटलं, मांडववाल्याले एक शब्द सांगून ठेव. ऐन टायमावर भेटत नाई, लग्नसराई हाय."

"काका, आबाजी आत बिस्किट खाऊन राह्यले."

"खातेच. आखरीले खातेच मानूस."

"तुम्ही पाह्यलं का त्यायले? बोलले त्यायच्याशी?"

"पाहाचं का त्याच्यात? मी तं आज येनारच नव्हतो, बियान्याची गाडी लागलती. पन दुकानातून पाह्यलं, तं चपलाच चपला! म्हटलं, बापा, हे तं मामला गेला. शटर पाडलं न् आलो." महादेवरावांनी चहाचा घोट घेतला. "मी आलो ते पाहून कापडवाला भैयाजी आला. तो दुकान कवा सोडत नाई, मालूम हाय ना तुले? त्याले पाहून मंग लाइनच लागली."

"म्हणजे तुमच्या चपला पाहून ते आले, न् त्यांच्या चपला पाहून बाकीचे."

"हो ना. एवढे लोकं का उगाच येते?"

कप हातात घेऊन पीयूष पायरीशी उभा राहिला. लोकांना वाटलं, पोरगं दुःखात आहे. दोघांनी पाठीवर हात फिरवला.

त्याच्या डोक्यात मात्र भलतंच चाललं होतं. नेटवर्कला तो जे आकडे देत होता, त्यांत एक रकाना होता: आधीच्या नमुन्यापासून किती वेळ गेला. त्याने तो सहज टाकला होता. आकडेवारीत होता, म्हणून घेतला. फुकट मिळतंय तर घ्या, असा एकूण आपला शास्त्रीय दृष्टिकोन असतो. आता त्याला आठवलं, की केमिस्ट एरवी दिवसातून एकदाच नमुना काढायचे. पण काही बिनसल्याचा संशय आला, एखादा काटा हलला, कोणी फोनवर कुजबुजलं, की ते दर दोन तासांनी पाणी काढत बसत. नमुने जवळजवळ आले, म्हणजे केमिस्ट घाबरलेला आहे. आणि केमिस्ट बहुतेक वेळा बरोबर कारणासाठी घाबरलेला असतो.

मग त्याच्या नेटवर्कला पाण्याकडे बघायची गरजच काय होती?

आतून आबाजींनी हाक मारली. भोवतीची माणसं जरा पांगली होती. त्यांनी पीयूषला जवळ बसवलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"पीयूष, तू शिकेल हायेस. मले खरं सांगून टाक. का झालं बे मले?"

"काही नाही आबाजी. उपास, न् ऊन."

"झूट नोको बोलू. मंग हे काऊन येऊन राह्यले एवढे? तो देवळीचा व्याही, तुह्या बापाच्या लग्नातल्या जेवनावरून रुसेल हाय तवापासून. तोयी आला. पाया पडला माह्या! चांगल्या मानसाच्या कोनी असा पाया पडते का?" त्यांनी कप खाली ठेवला. "मले काल सलाइन लावल्यावर लय बरं वाटून राह्यलं होतं. आज हे सगळे पाह्यले, तं छातीत धडधड होते. जेवन जात नाई. डाक्टरनं तुमाले बाहेर नेऊन सांगतलं असन."

"डॉक्टरनं फी मागायले बाहेर नेलतं."

आबाजींना पटलं नाही. समोरच्या देवळीवाल्या व्याह्यांनी डोळे पुसले, त्यामुळे तर अजिबातच पटलं नाही.

तोड काढली ती जयाने. बारा वर्षं विनापगार शाळा चालवल्यामुळे असेल, पण सामानाशिवाय काम उरकायची तिला सवय होती. "एक काम करू," ती पीयूषला म्हणाली. "चपला मागच्या आंगणात नेऊ. जो येईल त्याला मागच्या दारानं आणू. पुढे एक जोडी दिसायला नको."

दोघांनी चपला टोपलीत भरभरून मागे नेल्या. वांग्याच्या टोपल्या कामाला आल्या. कारंज्याची गाडी आधीच परतली होती. प्रमिलाबाईने पुढची पायरी झाडून पाणी मारलं. तासाभरात बोळातून दोन माणसं आली, थबकली, रिकाम्या पायरीकडे बघितलं. "बरं दिसते बुवा म्हाताऱ्याचं," एकजण म्हणाला. "मंग उद्या येऊ." दोघे परत गेले. उद्याही आले नाहीत. दिवेलागणीपर्यंत घर रिकामं झालं आणि आबाजी बायकोच्या फोटोकडे बघत दोन भाकरी आणि वांग्याची भाजी जेवले. वांग्यात मीठ कमी असल्याचं त्यांनी सांगितलं, तेव्हा प्रमिलाबाई पहिल्यांदा हसली.

रविवारी वर्ध्याला परतल्यावर पीयूषने तो एक रकाना काढून टाकला आणि नेटवर्कला पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. संगणक दुपारभर घुमत होता. अठ्ठ्याण्णवचे चौसष्ट झाले.

त्याने दुसऱ्या पद्धतीनेही बघितलं. मूळच्या नेटवर्कला त्याने बाकी सगळे आकडे अगदी निरोगी दिले आणि फक्त नमुने दोन-दोन तासांनी घेतल्याचं दाखवलं. नेटवर्क म्हणालं, पाणी बिघडणार. मग उलट केलं. इंधनाची कांडी चिरली त्या दिवसाचे खरे आकडे दिले, पण नमुना रोजच्यासारखा दिवसातून एकदाच. नेटवर्क म्हणालं, सगळं छान आहे.

सोमवारी तो धनंजय सरांच्या केबिनमध्ये गेला. सरांची बढती अडली होती आणि ती सुटायला हातून एक पीएचडी पूर्ण होणं गरजेचं होतं. पीयूषचं सगळं ऐकून सरांनी पंखा वाढवला.

"हे कोणाकोणाला सांगितलंस?"

"जयाला."

"वहिनी घरच्या आहेत. ठीक." सरांनी खुर्ची पुढे ओढली. "हे बघ, तपासनिसांनी विचारलं का?"

"नाही."

"अहवालात आहे का?"

"नाही."

"मग तू काऊन विचारून राह्यला स्वतःला? अरे बाबा, हा प्रबंध आहे, पोलीस स्टेशनातला जबाब नाही. व्हायवा होऊ दे, ऑर्डर हातात पडू दे. मग त्याच्यावर आणखी एक पेपर लिही, ‘मर्यादा आणि पुढील दिशा’. त्याचेही गुण मिळतात."

"सर, पण ते यंत्र पाणी बघतच नाही."

"कोण बसवणार आहे तुझं यंत्र? सेलूच्या नगरपंचायतीच्या टाकीवर?"

धनंजय सर वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्या हाताखालची ही तिसरी पीएचडी होती आणि आधीच्या दोघांची लग्नं होऊन ते प्रबंध अर्धवट टाकून बंगळुरूला निघून गेले होते.

घरी पीयूषने जयाला विचारलं. ती उन्हाळी वर्गाच्या वह्या तपासत होती.

"मी सांगा म्हटलं आणि नोकरी गेली, तर ते माझ्यावर येईल," ती म्हणाली. "सांगू नका म्हटलं, तर जन्मभर तोंड पाडून बसाल, तेही माझ्यावरच येईल. मी काहीच म्हणत नाही."

"पण तुला काय वाटतं?"

"मला वाटतं तुम्ही पर्मनंट व्हावं." तिने एका वहीवर शेरा मारला. "आणि मला वाटतं, तुम्हाला ते जमणार नाही."

तोंडी परीक्षेच्या दिवशी सेमिनार हॉल फुलांनी सजवला होता. आपल्या पद्धतीप्रमाणे परीक्षेआधीच सगळी तयारी झालेली असते. शाल-श्रीफळ तबकात, गुच्छ टेबलाखाली, आणि बाजूच्या खोलीत उमेदवाराच्या खर्चाने जेवण. श्रीखंड, पुरी, मसालेभात आणि पातोडीची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, रस्साभाजी. प्राचार्य ओमप्रकाशजी पहिल्या रांगेत बसले होते. पातोडीचा वास येऊ लागल्यामुळे उपस्थिती चांगली होती.

बाहेरच्या परीक्षक पुण्याहून आल्या होत्या. डॉक्टर उज्वला, वय पन्नाशीपुढचं, चष्मा दोरीला बांधलेला. पीयूषने पाऊण तास चित्रं दाखवली. त्यांनी सहा-सात प्रश्न विचारले. गाळणीबद्दल, जाळ्याच्या थरांबद्दल, चाचणीचे प्रसंग कसे निवडले त्याबद्दल. पीयूषने सगळ्यांची उत्तरं दिली. त्या रकान्याबद्दल त्यांनी विचारलं नाही.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि पेनाचं टोपण काढलं. धनंजय सरांनी टेबलाखालच्या गुच्छाला हात घातला.

"मॅडम, एक राहिलं," पीयूष म्हणाला.

धनंजय सरांचा हात गुच्छावरच राहिला.

पीयूषने सगळं सांगितलं. रकाना, घाबरलेला केमिस्ट, चौसष्ट. सांगायला फार वेळ लागला नाही. मागच्या रांगेतल्या कोणीतरी शेजाऱ्याला विचारलं, "म्हणजे झालं का संपलं?" दोन्ही अर्थी उत्तर अजून कोणालाच माहीत नव्हतं.

उज्वला मॅडमनी टोपण पेनाला परत लावलं. "हे तुम्हाला कळलं कधी?"

"पंधरवड्यापूर्वी. प्रबंध त्याआधीच दिला होता."

"कसं कळलं?"

आजोबांच्या आजाराची हकीगत विद्यापीठाच्या इतिवृत्तात कशी लिहितात, हे त्याला माहीत नव्हतं. "घरी एक प्रसंग झाला, त्यावरून," तो म्हणाला.

"तुम्ही गप्प बसला असतात, तर मी आता सही केली असती."

"हो मॅडम. पेन दिसत होतं."

मागे कोणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. "मग?"

"उद्या कोणी हे खरंच बसवलं, तर केमिस्ट म्हणेल, यंत्र बघतंय ना पाण्याकडे, मी कशाला जास्त नमुने काढू. आणि यंत्र म्हणेल, केमिस्ट निवांत आहे म्हणजे पाणी ठीक आहे. दोघं एकमेकांकडे बघत बसतील आणि पाण्याकडे कोणीच नाही. मला तेवढंच सांगायचं होतं."

बाजूच्या खोलीत आचाऱ्याने झाऱ्याने कढई वाजवली.

"चौसष्ट म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा बरं, इतकंच," मॅडम म्हणाल्या. "त्यात काही हाताला लागलं का?"

"एक प्रसंग आहे. चाचणीच्या आकड्यांत आवरण चिरल्याचे तीन प्रसंग होते. दोन वेळा केमिस्टला आधीच संशय आला होता. तिसऱ्या वेळी कोणालाच नव्हता. रोजचाच नमुना, रोजच्याच वेळेला. जुन्या नेटवर्कने तेव्हा सगळं ठीक सांगितलं. नव्याने अकरा तास आधी धोका सांगितला."

"कशावरून?"

"माहीत नाही, मॅडम."

"योगायोग असेल."

"असेल."

मॅडमनी अहवालाच्या कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग वाचून दाखवलं. प्रबंध या स्वरूपात स्वीकारता येत नाही, ठरावीक अंतराने घेतलेल्या नमुन्यांवर काम पुन्हा करून वर्षभरात सादर करावा. खाली त्यांनी सही केली. सही केली तेव्हा सवयीने दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या आणि मग थांबवल्या.

शाल-श्रीफळाचं काय करायचं, हा प्रश्न निघाला. परीक्षकांना त्यांचं आधीच दिलेलं होतं. ओमप्रकाशजींनी तबक उचलून आपल्या केबिनमध्ये ठेवायला सांगितलं. जेवणाचा मात्र प्रश्न निघाला नाही. पातोडीची भाजी निकालावर अवलंबून नसते. सगळे जेवायला बसले आणि उमेदवार वाढायला लागला.

श्रीखंड वाढताना ओमप्रकाशजींनी त्याला थांबवलं. "पीयूषजी, आपने बहोत अच्छा काम किया. सच्चाई बडी चीज है. हमें अभिमान हाय." त्यांनी पुरी मोडली. "जून से आपको तासिका पे लेना पडेगा. नियम हाय, मेरे हाथ में कुछ नाई."

"हो सर."

"थोडा और डालो. बस, बस."

उज्वला मॅडम उभ्याउभ्याच थोडं जेवल्या. त्यांना गाडी गाठायची होती. निघताना त्यांनी पीयूषला दाराशी बोलावलं. "तो तिसरा प्रसंग. त्याचे सगळे आकडे मला पाठवा. तुमच्या जाळ्याने काय बघितलं ते तुम्ही शोधा, मीही शोधते. योगायोगच निघाला तर तसं लिहा. चार ओळी लिहिल्या तरी चालतील, पण पाण्याबद्दल लिहा."

"तोपर्यंत मी इथे असेन की नाही, सांगता येत नाही."

"भट्टी तर तुमच्याकडे नव्हतीच," त्या म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

धनंजय सर सकाळपासून त्याच्याशी बोलले नव्हते. हात धुवायच्या नळाशी त्यांनी त्याला गाठलं. तोंड दुसरीकडेच होतं.

"ते अंतराचं जे आहे ना. दोन नमुन्यांमधलं."

"हो सर."

"ती माझी दुसरी विद्यार्थिनी आहे, रीता. विहिरींच्या पाण्यातल्या फ्लोराइडवर करते. तिचं एकदम सत्त्याण्णव आलंय." सरांनी हात पुसले, ते बराच वेळ पुसले. "विहिरीचं पाणीही लोक तक्रार आली की जास्त वेळा तपासतात का रे?"

"तपासतातच, सर."

"हं. एकदा बघून देशील का? कोणाला न सांगता."

"बघतो."

"तासिकेत धरता येणार नाही ते," सर म्हणाले आणि गेले.

पंगत उठत आली तेव्हा जयाचा फोन आला. शाळेच्या उन्हाळी वर्गाची मधली सुट्टी झाली असावी. मागे पोरांचा गलका होता.

"सांगितलं?"

"हो."

"मग?"

"पुन्हा करायचं. एक वर्ष. जूनपासून तासिका."

पीयूषच्या एका हातात पुऱ्यांची टोपली होती. वाढू का, असं एका प्राध्यापकाने खुणेने विचारलं आणि टोपली घेऊन गेला.

"आठवड्याचे किती तास देतील?" जयाने विचारलं.

"विचारलं नाही अजून."

"आजच विचारा. मागाहून गेलात, तर चांगले तास दुसरे घेतात." मग तिने विचारलं, "जेवलात का?"

"वाढतोय."

"आधी बसा आणि जेवून घ्या. खर्च आपलाच आहे."

तो बसला. पातोडी संपली होती, रस्सा होता.